धुरावर पोसलेलं छप्पर

धाकट्याने नोकरीवर लाथ मारून रानात मातीचं घर बांधलं, तेव्हा ताईला त्याचं कौतुकच वाटलं होतं. माती त्याने स्वतः तुडवली, भिंती हातांनी लिंपल्या, वर गवताचं जाड छप्पर घातलं. वीज नाही, सिमेंट नाही. धुराडंही नाही, कारण धूर मुरला की गवताला कीड लागत नाही, ही जुनी विद्या तो कुठूनशी शिकून आला होता. म्हणून चूल दिवसभर धुमसत ठेवायची. हा गुणाचा लेक बाहेर पाहुण्यांना घर दाखवत मिरवायचा आणि चुलीपुढे बसायची आई.

आई खोकून खोकून अर्धी झाली.

"अरे, निदान एक खिडकी तरी पाड," ताई कळवळून सांगायची.

"आणि धूर बाहेर गेला तर छपराने काय खायचं?" तो हसायचा. आईही खोकत खोकत त्याचीच री ओढायची. लेकाचं घर ना!

शेवटी आई गेली. तिला पोचवून दोघं परतली, तर चूल विझलेली. आता तरी हा रडेल, असं ताईला वाटलं. त्याने छपरातली एक काडी उपसली आणि बोटांत मोडून पाहिली.

"बघ, एक भोक नाही."

मग चुलीत ओलं लाकूड सारत तो मायेने म्हणाला, "ताई, तूही तिकडे एकटीच असतेस. इथेच ये ना राहायला."