शिट्टीमामाची कानकाठी

जी थाप तीस वर्षं सुखात लोळत होती, ती त्या दिवशी सकाळी सहा वाजता गाडीच्या मागच्या सीटवर शिट्टीमामाच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, चल, आज तुझा निकाल लावते.

गाडी चालवत होता धाकट्या बहिणीचा जावई. बहीण पुढे बसलेली, मांडीवर अंड्यांची टोपली. भाचीची, म्हणजे जावयाच्या बायकोची, दवाखान्यात कामाची पाळी होती, म्हणून ती आली नाही. तीन माणसं, डझनभर अंडी आणि एक थाप. गाडी भरली.

मामाला शिट्टीमामा म्हणायचे, कारण एका मोठ्या धुलाई कारखान्यात चाळीस वर्षं त्याने बॉयलर सांभाळला आणि रोज पहाटे त्याची शिट्टी वाजवली. त्याच्या हाती एक हातभर लाकडी दांडका असे. एक टोक नळीला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, की आतलं पाणी काय म्हणतंय ते कळायचं. घरचे त्याला कानकाठी म्हणत. इथवर सगळं खरं, हात लावून बघावं इतकं खरं.

पुढचं मात्र मामाने तीस वर्षांपूर्वी चिमुरड्या भाचीला ताप आला होता तेव्हा सांगितलं होतं. "एकदा मी त्या जळक्या डोंगरापलीकडे गेलो. तिथे जमिनीतून उकळत्या पाण्याचं कारंजं उडतं. कधी उडेल कुणालाच ठाऊक नाही. मी कानकाठी टेकवली, म्हटलं, तीन मिनिटं चाळीस सेकंद. आणि बरोबर तेवढ्यात उडालं!"

भाचीचा ताप उतरला, गोष्ट काही उतरली नाही. बहिणीने ती शेजारी सांगितली, बाजारात सांगितली, शेवटी मुलीच्या सासरीही मोठ्या तोऱ्यात सांगितली. आणि जावई निघाला वजनमापांचा तपासनीस! दुकानोदुकानी तराजू तपासणारा. प्रेमाने कुणी मिठी मारली तरी आधी शिक्का बघेल असा माणूस. तोच परवा जेवताना म्हणाला, "मामा, रविवारी जाऊच. डोळ्यांनी बघू."

मामा कारंज्याकडे जन्मात फिरकला नव्हता. तोंडघशी पडायला त्याची हरकत नव्हती, ती सवयीची गोष्ट. पण बहीण जावयासमोर खोटी पडणार होती, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

ऊन वर आलं तशी झाडं संपली. दोन्ही बाजूंना काळा दगड, जणू डांबराचा समुद्र उसळता उसळता गोठलेला. त्यावर हिरवं शेवाळ, उशीसारखं मऊ. बहिणीने काच खाली केली आणि ती बघतच राहिली.

"मामा, तुमच्या वेळी रस्ता असाच होता?" जावयाने विचारलं.

"छे! रस्ता कसला? दगड तापलेले. बूट टेकला की तळ चिकटायचा. आम्ही नाचत नाचत आलो."

"किती अंश?"

"नाचताना कोण मोजतं, जावईबापू?"

बहीण खो खो हसली.

पुढे चिखलाची डबकी लागली. राखाडी चिखल बुडबुडत होता, जाड खिरीसारखा. गंधकाचा वास असा की बहिणीने पदर नाकाला लावला आणि भावाकडे संशयाने पाहिलं.

"दादा?"

"मी नाही. डोंगर."

शेजारच्या स्वच्छ, उकळत्या झऱ्यात त्यांनी अंडी जाळीत घालून सोडली. जावयाने घड्याळ लावलं. प्रत्येक अंडं आधी तळहातावर तोललं, मगच सोललं. मामाने ठरवलं, इथेच सांगून टाकावं. "अगं, एक सांगायचंय," असं त्याने सुरूही केलं. पण तेवढ्यात बहीण झऱ्यावर आलेल्या एका बाईंना सांगू लागली, "हा माझा दादा. याला जमिनीतली वाफ ऐकू येते," आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मामाने अख्खं अंडं तोंडात कोंबलं आणि कबुली त्याच्याबरोबर गिळली.

दुपारी कारंजं आलं. कारंजं म्हणजे त्या घटकेला नुसतं एक भोक, भोवती पांढऱ्या क्षारांचा खरपुडीसारखा थर, दोरी, बाकं आणि बाकांवर पंचवीसेक माणसं. फळ्यावर लिहिलेलं: पाऊण तास ते दोन तास. लाल जाकीट घातलेली राखणदार बाई म्हणाली, "मागचं उडून तास झाला. आता त्याची मर्जी."

"मर्जी कशाला? माझा दादा सांगेल ना!" बहीण म्हणाली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

पंचवीस माना वळल्या. जावयाने मनगट वर केलं. "बोला मामा. किती मिनिटं?"

मामाची पाचावर धारण बसली. ठरवलं, उगाच काठी टेकवायची, 'लवकरच' म्हणायचं आणि सांधे दुखतात म्हणून गाडीत जाऊन बसायचं. पिशवीतली कानकाठी काढून दोरीच्या अलीकडे तो गुडघ्यांवर बसला. एक टोक खडकाला, दुसरं कानामागे.

आणि आत कारखाना चालू होता! तीच धडधड, तीच गुरगुर. मध्येच कुणीतरी नळीवर हातोडी ठोकल्यासारखं टक टक. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, इतका ओळखीचा आवाज त्यानंतर कुणी त्याला ऐकवला नव्हता. मामा थाप विसरला, जावई विसरला. डोळे मिटून गालातल्या गालात हसत राहिला.

"मामा, आकडा?"

"गप्प बसा हो जरा. पाणी बोलतंय."

पाणी बोललं, बोललं, आणि एकदम गप्प झालं.

आता बॉयलरवाल्याला गुरगुरीची भीती नसते. गुरगुरणारं पाणी भल्या माणसासारखं, मनातलं ओकून मोकळं होतं. गप्प झालेलं पाणी बघितलं की पळायचं. मामाने विचार केलाच नाही. पाय आपोआप उठले आणि तोंडातून चाळीस वर्षांची आरोळी सुटली: "झडप उडतेय! मागे व्हाऽऽ!"

कारखान्यात दादाचा डबा पोचवून वाढलेली बहीण ती आरोळी ओळखत होती. तिने दोन्ही बाजूंच्या दोन माणसांची मनगटं धरली आणि साडी सावरत पळत सुटली. ती पळाली म्हणून बाकं पळाली, बाकं पळाली म्हणून राखणदार बाईही पळाली. घड्याळात मान घातलेला एकच माणूस जागेवर होता.

"मामा, पण किती मिनि—"

भोक फुगलं, निळा घुमट झाला, फुटला, आणि पाण्याचा पांढरा खांब आभाळात गेला. वारा नेमका बाकांकडे. हवेत निवत आलेला सगळा फवारा एकट्या तपासनिसावर पडला.

खांब बसला. जावई उभा होता, केस कपाळाला चिकटलेले, नाकातून थेंब गळत.

"कोमट आहे," तो म्हणाला. मग ओलं घड्याळ झटकून त्याने हात जोडले, "मामा, तुम्हाला नमस्कार."

पंचवीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. बहीण कुणाकडेच बघत नव्हती, फक्त टोपली उगाच नीट लावत होती. खूप आनंद झाला की ती असंच काहीतरी नीट लावत बसते, हे मामाला लहानपणापासून ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर मामाचं मन त्याला खाऊ लागलं. "जावईबापू, खरं सांगतो. मी इथे आयुष्यात पहिल्यांदाच आलो."

जावई मोठ्याने हसला. "पुरे मामा! एवढा विनय बरा नव्हे."

बहिणीने मागे वळून पाहिलं. उरलेलं शेवटचं अंडं सोललं, मीठ लावलं आणि दादाच्या हातावर ठेवलं.

पेट्रोल पंपावर नळी धरणाऱ्याने जावयाचे ओले कपडे बघून विचारलं, तेव्हा जावई म्हणाला, "वीस मीटर उडालं." चहाच्या टपरीवर ते तीस झालं. संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा गाडी कडेला घेऊन तो ओरडून सांगत होता, "मामांनी नुसतं बोट वर केलं! साठ मीटर! अगं, साठ!"

मामाने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"साठ नको, जावईबापू. साठ म्हटलं की लोकांना शंका येते. छप्पन्न सांगा."

तपासनिसाने क्षणभर विचार केला, आणि फोनवर म्हणाला, "नाही, चुकलो. छप्पन्न. मोजूनच सांगतोय."