धायटीच्या घळीतला निरोप

नदी जिथं दोन कड्यांच्या मधे शिरते, तिथं वाळूत फुलवंताची एक चप्पल सापडली. सुकरामनं ती उचलून झटकली आणि वर पाहून ओरडला, "इकडंच आली गा मुन्नालाल, तुही बहीण!"

मुन्नालाल वरच्या पायवाटेवर दम खात उभा होता. फुलवंताचा तो धाकटा भाऊ, पण गुडघे गेलेले. त्याला घळीत उतरणं होईना. "सांभारून जा भाऊजी," तो म्हणाला. "डोहात पानी आहे अजून."

सुकराम उतरू लागला. "गुड्डूची माय! वो गुड्डूची माय!" त्यानं दोनदा हाक दिली. मग त्याच्या लक्षात आलं की दिवाळीपासून तिला पोटचा गुड्डूच आठवत नाही, तर गुड्डूची माय कुठून आठवणार? मग तो "फुलवंता" म्हणून ओरडला. लग्न झाल्यापासून तिचं नाव त्यानं असं मोठ्यानं कधी घेतलं नव्हतं. कड्यावर आपटून ते परत आलं, तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली.

कालच तो तिला दवनीवाड्याहून माहेरी घेऊन आला होता. आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं, मग नातवंडांची नावं गेली, मग घरच गेलं. आपल्याच अंगणात उभी राहून ती म्हणायची, "मले घरी नेऊन द्या ना." फुलचूरला दुकान चालवणारा गुड्डू फोनवर बापाला म्हणाला, "बाबू, एकडाव मामाच्या गावाले नेऊन पाहा." म्हणून आणलं. रात्री ती शांत झोपलीसुद्धा. सकाळी मुन्नालालची सून ओमेश्वरी बोरिंगवर पाण्याला गेली, तेवढ्यात फुलवंता मागच्या दारानं निघून गेली.

माघ सरत आला होता. रानातला पळस अजून कळीत होता, मोहाखाली नुसता पाचोळा होता. पण घळीत धायटी फुलली होती. कड्यांच्या फटीफटींतून फांद्या खाली झुकल्या होत्या आणि त्यांच्यावर पानांपेक्षा नळीसारखी लाल फुलंच जास्त होती. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर उभं राहून पाहत बसलं असतं. सुकरामला तो लाल रंग बघवत नव्हता. फुलवंता लाल लुगड्यात होती. वळणावळणावर त्याला वाटे, तीच पडली आहे. जवळ जावं, तर धायटीचं झुडूप.

शेवटच्या डोहाच्या काठी, एका सपाट दगडावर ती बसलेली दिसली. फुलं ओढून त्यांची बुडं चोखत होती, चोखून पाण्यात टाकत होती. पाण्यावर लाल चुरा तरंगत होता.

"फुलवंता," तो हलकेच म्हणाला.

ती दचकून उभी राहिली आणि एक पाऊल मागं सरली. मागं डोह होता. "कोन आहात तुमी?"

सुकराम जिथल्या तिथं थांबला. आपण पुढं गेलो तर ही आणखी मागं जाईल, हे त्याला कळलं. तो तिथंच खडकावर बसला. चप्पल बाजूला ठेवली.

"पाव्हना आहो," तो म्हणाला. "तुह्या बाबूकडं आलो होतो."

"बाबूनं पाठवलं का मले शोधाले?"

"हाव."

"मी नाही येत." ती परत दगडावर बसली, पण त्याच्यावरची नजर काढली नाही. "घरी दवनीवाड्याचे लोक येऊन रायले. लग्न पक्कं कराले. मी नाही जात त्याईच्यासमोर."

तो दिवस सुकरामला आठवत होता. वडील, काका आणि तो, बैलगाडीनं आले होते. पोरीला ताप आहे, म्हणून सासऱ्यांनी सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळे ओसरीत बसून राहिले, पोरीचं तोंड न पाहताच सुपारी फुटली. तो ताप त्यानं जन्मभर खरा मानला होता.

"काऊन नाही जात?" त्यानं विचारलं.

"मागल्या वक्ती पाह्यलं मी त्या पोराले. कवाडाच्या फटीतून." तिनं आवाज बारीक केला. "त्याचा बैल बसला होता. उठेना. त तुतारी घेतली अन् टोचून टोचून रगत काढलं त्याचं. बैल काही बोलते का जी? मी बी कोनासंग बोलत नाही. मंग माह्यं काय करंल तो?"

सुकरामनं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. पण त्यांच्या घरात तुतारी टिकत नसे. बैल हाकायची ती खिळ्याची काठी गोठ्यातून नाहीशी व्हायची, तो नवी करायचा, ती पण जायची. तो गड्यांना शिव्या द्यायचा, पोरांना द्यायचा. ती चुलीपुढं खाली मान घालून भाकरी थापत असायची.

"मी ओळखतो त्याले," तो म्हणाला. "बायकोले नाही मारनार तो."

"तुमाले कायनं ठावं?"

त्याच्याजवळ सगळ्या संसाराची साक्ष होती आणि तिच्यापुढं मांडता येईल असं एक वाक्य नव्हतं. "दिसते त तसाच," तो कसाबसा म्हणाला.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. मग म्हणाली, "तुमी मोठे मानूस आहात. तुमीच त्याले सांगून द्या ना. पोरगी नाही म्हनते म्हना. मले बाबूसमोर बोलता येत नाही."

सुकरामनं बाजूची चप्पल हातात घेतली.

"सांगतो," तो म्हणाला.

"खरंच?"

"खरंच. तो नाही येनार तुले न्याले."

तिचा चेहरा सैल झाला. एवढ्या वर्षांत हा चेहरा त्यानं पाहिला नव्हता, की आपण नीट पाहिलंच नव्हतं, हे त्याला ठरवता येईना. तिनं फांदी ओढून एक फूल तोडलं आणि त्याच्यापुढं केलं. "घ्या. बुडाकडून चोखा. गोड राहते."

त्यानं चोखलं. गोड होतं, थेंबभर.

चढावर त्यानं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. परक्या पुरुषाचा हात. झुडपांना धरून ती वर आली.

घरी पोचताच ती ओमेश्वरीजवळ बसून वाटाण्याच्या शेंगा सोलू लागली. माहेरच्या लेकीसारखी, डोक्यावर पदर नाही. सुकरामनं मुन्नालालला ओसरीत बोलावलं.

"राहू दे तिले इथं."

"किती दिवस, भाऊजी?"

"राहू दे."

"लोक काय म्हनतीन? बायको माहेरी टाकली म्हनतीन."

"म्हनू दे."

ओमेश्वरी आतून आतेसासऱ्यांना म्हणाली, "राहू द्या फुफाजी. फुफाबाई माह्यासंग राहतीन." मग सुकरामनं औषधांची पिशवी तिच्या हाती दिली. पांढरी गोळी जेवल्यावर. पिवळी कडू असते, गुळात घालून दे, नाहीतर थुंकून टाकते. केस धुताना डोळ्यांत पाणी गेलं की रडते, तेव्हा वाटीनं हळूहळू घालत जा. आणखीही काही सांगायचं होतं, पण ओमेश्वरीचेच डोळे भरून आले, म्हणून तो थांबला.

तो दुपारच्या बसला निघाला, तेव्हा फुलवंता पाण्याचा लोटा घेऊन अंगणात आली. पाहुण्याला द्यावा तसा दोन्ही हातांनी पुढं केला. इकडं तिकडं पाहून हळूच विचारलं, "सांगतलं का जी त्याले?"

"सांगतलं."

"रागावला का?"

"नाही. आयकून घेतलं."

"मंग खराब नव्हता बिचारा," ती म्हणाली.

सुकराम उभ्यानंच पाणी प्यायला. रिकामा लोटा तिच्या हातात न देता, परक्या घरी ठेवावा तसा पायरीवर ठेवला आणि फाटकाची कडी बाहेरून लावून तो सडकेकडं निघाला.