बारा गावांची सून

सुकलूला जाऊन तीन महिने झाले नव्हते, तोच त्याच्या बापाने, जंगूबापूने, घरी पंच बसवले. विषय एकच. सुकलूच्या विधवेचा, रंभाबाईचा, तिसरा संसार.

रंभाबाई म्हणजे कोसमटोल्याच्या जमीनदाराची एकुलती लेक. भाऊ नाही, म्हणजे जो तिचा नवरा तो बारा गावांचा मालक. चौदाव्या वर्षी तिला जंगूबापूच्या थोरल्या लच्छूसाठी आणलं. लच्छू तापाने गेला. मग मधल्या सुकलूशी तिचा पाट लावला, कारण विधवा वहिनीवर धाकट्या दिराचा हक्क, ही त्या घराची रीत. तिला कोणी विचारलं? छे! बैल घेतानाही माणूस त्याचे दात बघतो. हिची तर फक्त गावं बघितली.

आता उरला शेंडेफळ पत्रू. वय सतरा. रंभाबाईचं तेहेतीस.

त्यात सन पन्नास. सरकार जमीनदाऱ्या घेणार, घरच्या शेतीपुरतं ठेवणार, अशी बातमी अहेरीच्या बाजारातून आली आणि जंगूबापूने घाई धरली. कागद होण्याआधी नवरा म्हणून पत्रूचं नाव लागायलाच हवं, हा त्याचा हेका.

पण पत्रूला रंभाबाईनेच वाढवलं होतं हो! त्याला जन्म देऊन त्याची आई गेली. त्याचं पहिलं पाऊल, त्याचा गोवर, त्याचे हट्ट, सगळं हिच्या मांडीवर झालं. त्याच्याशी पाट म्हणताच तिच्या अंगावर काटा आला. दोन रात्री ती रडली. तिसऱ्या सकाळी डोळे पुसून ओसरीवर आली, ती पदर खोचूनच.

पंच बसले होते. पत्रू खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता.

"रीत आहे," जंगूबापू म्हणत होता, "आजच हळद लावा अन् मोकळे व्हा."

"पाट होत नाई जी," रंभाबाई म्हणाली. "मी याले दूध पाजलं आहे."

त्यांच्यात जिचं दूध प्यालं ती आई, यात वाद नव्हता. गावचा पुजारी म्हातारा मुखरू पुढे सरकून बसला.

जंगूबापू मात्र हसला. "दूध? कुठून आणलं? तुले कधी लेकरू झालं, बाई?"

तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच आठवत नव्हतं, हेच वाईट. सात पिढ्यांची नावं त्याला तोंडपाठ होती. मेलेल्या घोड्यांचीसुद्धा होती.

"झालं होतं जी," ती म्हणाली. "पोरगी झाली, लच्छूपासून. पाच दिवस जगली. सहाव्या दिवशी सासूबाई गेल्या, याले मागं ठेवून."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच आठवत नव्हतं. पोरगी, त्यातही पाच दिवसांची, कोण ध्यानात ठेवतो?

मागून काठी टेकत सुईण गुणाबाई उठली. "मीच पुरली तिले, मोहाच्या झाडाखाली. दूध पाजणारी बाई आणाले गेलेला माणूस पोहचलाच नाई. हे पोरगं निळं पडून राह्यलं होतं. मी म्हटलं, घे पदराखाली, पण बापूले सांगू नको. दिराले दूध पाजलं की हक्क तुटते."

पत्रूने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्याने ते पुसलं नाही.

"पाट होत नाई," मुखरूने निकाल दिला. "पण देवापुढं सांगा लागन, पत्रू कोणाचा दूधभाऊ म्हणून. पोरीचं नाव काय?"

पाच दिवसांत नाव ठेवलंच नव्हतं.

जंगूबापूचा चेहरा उतरला होता. गावं हातची गेली म्हणून, का आपली नात आठवली म्हणून, देव जाणे. तो म्हणाला, "माह्या बायकोचं नाव द्या तिले. रुखमा म्हणा. आमच्या घरचीच होती ना."

रंभाबाईला त्याची कीव आली. सतरा वर्षांपूर्वी हेच बोलला असता, तर तिने त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

"नको जी," ती म्हणाली. "माह्या नावावर बारा गावं होती, म्हणून दोनदा मले घेतलं. आज तिसऱ्यांदा घ्याले बसले. तिचं नाव नव्हतं, तर तिले मागाले कोणी आलं नाई. तशीच राहू द्या तिले."