आतून लावलेली कडी

दाराच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून कडीचा तेवढा वाकडा तुकडा दिसत होता. लोखंडाचाच, पण खोबरेल चोपडून चोपडून असा चकचकीत झालेला की वाटावं, आतून कुणीतरी एक डोळा लावून बसलंय आणि पापणी हलवत नाही. ठकुबाईनं फटीवरून नजर काढली. लगेच पुन्हा लावली. कडी होती तिथंच होती, कोयंड्यात घट्ट. आपणच लावायला शिकवली, रोज ओरडून ओरडून शिकवली... आणि आता तीच मेली आपल्याला आत जाऊ देत नव्हती.

सकाळी नीलाबाई येऊन सांगून गेली होती. अनाथ पोरींच्या मंडळाची बाई ही. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, अजून आईच्या हातचं गरमगरम जेवून येते आणि पोरींना एकटं कसं राहावं ते शिकवते.

"ठकुबाई, आज गोदू मागच्या खोलीत दिवसभर एकटी. स्वतःचं सगळं स्वतः करील. मी संध्याकाळी येईपर्यंत तुम्ही दाराला हात लावायचा नाही. लावलात तर मी समजेन, पोरगी अजून तयार नाही."

"मी कशाला लावू? माझे हात काय शिवशिवतात व्हय?" ठकुबाई फटकन बोलली होती.

शिवशिवत होते.

आजचा दिवस नीट गेला तर निजामपुऱ्यातली खोली गोदूची. नाही तर खोली दुसऱ्या पोरीला, आणि गोदू इथंच, पुढची खोली मिळेपर्यंत. अन् बिनआईबापाच्या पोरीला खोली देणारा घरमालक भिवंडीत काय गल्लोगल्ली उभा असतो? गोदूनं त्या खोलीच्या भिंतींना आपल्या हातानं चुना मारला होता. परत आली तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि हसत होती येड्यासारखी. त्या हसण्याचा ठकुबाईला का कोण जाणे रागच आला होता. "म्हातारी दिसतेस, आरशात बघ," ती म्हणाली होती. गोदू खरंच आरशात बघायला गेली, आणि आतून तिचं हसणं आणखीच मोठं आलं...

गावी, दिघाशीच्या घरात ठकुबाईच्या शब्दाशिवाय चुलीवर भांडं चढत नसे. थोरल्या सुनेनं, आनंदीनं, एकदा तिला न विचारता डाळ शिजत घातली. "माझ्या आधी जिथं डाळ शिजते तिथं मी बसून खायची न्हाय," म्हणून ती बोचकं उचलून निघाली. लेक चिंधू एस.टी.पर्यंत मागं मागं आला, पण तिनं वळून पाहिलं नाही. ती इथं आली, मंडळाच्या घरात. अनाथाश्रमातून सोळा-सतरा वर्षांच्या झालेल्या पोरी इथं यायच्या. त्यांना स्टोव्ह पेटवायला, बाजार करायला, चार पैशांत महिना काढायला शिकवायचं आणि मग कामाला लावून, खोली बघून सोडून द्यायचं. सगळ्या तिला मावशी म्हणत. रात्री तिच्या दोन्ही बाजूंना पोरी झोपलेल्या असत. मध्ये ती, दिघाशीत नातवंडांमध्ये झोपायची तशीच.

ही गोदू आली तेव्हा दाराला कडी लावत नसे. ठकुबाईनं पहिल्या रात्री लावली, तर पोरगी अंधारात उठून बसली.

"मावशी, मी काय केलं?"

"काय केलंस म्हंजे?"

"कडी लावली ना तुम्ही..."

आश्रमात कडी बाहेरून असते हे तेव्हा ठकुबाईच्या ध्यानात आलं. आतून लावायची कडी या पोरींनी पाहिलेलीच नसते. दार बंद झालं म्हणजे आपली काहीतरी चूक झाली, एवढंच त्यांना ठाऊक. पुढं कित्येक दिवस ही पोरगी कडी लावायची आणि थोड्या वेळानं गुपचूप काढून यायची. ठकुबाईनं तिला दारापुढं उभी करून कडी लावायला लावली, काढायला लावली, पुन्हा लावायला लावली. "तू लावायची, तूच काढायची. दुसऱ्या कुणाचा हात न्हाय त्याच्यावर, समजलं?"

समजलं. चांगलंच समजलं रांडेला.

आणि भात! आश्रमात चाळीस माणसांचा भात गोदूनं रांधला होता, मोठ्या पातेल्यात, उलथन्याऐवजी लाकडी वल्हं घेऊन. एका माणसाचा भात म्हटलं की तिचा हात डब्यातच अडकायचा. मूठ घ्यायची, ठेवायची, पुन्हा घ्यायची. ठकुबाई तिला वेडंवाकडं बोलायची, पण खरं सांगायचं तर तिलाही कुठं येत होतं? एकट्या माणसाचं रांधलंय कधी तिनं? बाजारातून ती इवलीशी तपेली आणली तेव्हा तिच्या पाठीतून शिरशिरी गेली होती. एवढ्याशा भांड्यात भात तिनं एकदाच शिजताना पाहिला होता. घरधन्याच्या दहाव्याला, अंगणात तीन दगडांवर, पिंडासाठी. त्या भाताची कुणी चव बघत नाही. आणि आज या दाराआड तसाच मूठभर भात...

करपल्याचा वास आला.

ठकुबाई उठून उभी राहिली. शेजारच्या कापडाच्या कारखान्यात लूम खडखडत होते, जमीन हलत होती, त्या आवाजात आत काय चाललंय ते कळायची सोय नव्हती. स्टोव्ह चालू असेल तर फरफर ऐकू यायला हवी. पिन मारताना भडका उडतो कधी कधी. पदर नायलॉनचा आहे का सुती? सुती. सकाळी सुतीच नेसली होती... की बदलली मागून? ती फटीशी गेली. कडी. नुसती कडी.

आणि तेवढ्यात लाइट गेली. एकेक लूम ओढत ओढत थांबला, अख्खी गल्ली गप्प झाली. इतकी गप्प की ठकुबाईला आपल्याच कानातला सुंईं आवाज ऐकू येऊ लागला. आतून काही नाही. स्टोव्ह नाही, बांगड्या नाहीत, भांडं नाही. रॉकेलचा वास होता, का आपल्या पदरालाच तो नेहमी असतो?

मी काय करू? हाक मारू? हाक मारली म्हंजे दार वाजवल्यासारखंच की. न्हाय मारली आणि आत ती पडलेली असली तर? जळताना माणूस ओरडतं. पण धुरानं आधी गुदमरलं तर ओरडत न्हाय, वज्रेश्वरीच्या त्या बाईचं तसंच झालं म्हणतात... देवी, माझ्या पोरीला... माझी कुठली पोरगी? माझ्या पोरी दिल्या घरी सुखात हायेत. ही कोण माझी? कुणाची कोण ती! पण कडी आतून हाय. बाहेरून असती तर मी काढली असती. मीच म्हटलं, दुसऱ्या कुणाचा हात न्हाय. माझ्या जिभेला हाड न्हाय ते न्हायच...

हात वर गेला तेव्हा तो तिचा वाटलाच नाही. मूठ दारावर आपटली, एकदा, दोनदा, मग उघड्या तळव्यानं धडाधडा.

"गोदू! ए गोदू! मेलीस का गं?"

आत भांडं सरकलं.

"कोण? मावशी? काय झालं?"

"तुला काय झालं ते सांग आधी! वास कसला येतोय?"

"भात जरा लागला खाली. स्टोव्ह बंद केला मघाशीच." आवाज तोंडात घास असल्यासारखा, जड, निवांत. "मी जेवतेय मावशी. नंतर या ना."

नंतर या.

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दिघाशीत नाही, इथं नाही. सासऱ्यानंसुद्धा नाही. ठकुबाई दारापाशी उभीच राहिली. पलीकडे कुणीतरी करपलेला भात खात होतं, एकटं, बोटं चाटत, कुणाची वाट न बघता. पोरगी जिवंत होती. धडधाकट होती. मघाची भीती उतरायला हवी होती, ती उतरत नव्हती, उलट आणखी खोल बसत चालली होती. उद्या रात्री उजव्या बाजूची गोदूची जागा रिकामी... मग डावीकडची चंद्रा जाईल, मग मैना. आणि मग एक दिवस ती इवलीशी तपेली, आणि ठकुबाई.

"काय ठकुबाई, अशा उभ्या का?"

नीलाबाई पडवीच्या पायरीवर, चपला काढत. "लवकर आले म्हणून घाबरलात? काय म्हणतेय आमची गोदू? दाराला हात नाही ना लावलात?"

लावला, एवढंच तर म्हणायचं. खरं तेच ते. आजवर कुणाची भीड धरली नाही तिनं, तोंडावर खरं बोलण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लावला बाई, मला राहवलं न्हाय... की झालं. खोली दुसरीला. गोदू इथंच. रात्री उजव्या बाजूला. एवढं सोपं, एवढं खरं, आणि जिभेच्या अगदी टोकावर आलेलं...

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ठकुबाईला खरं बोलायची भीती वाटत होती. नीलाबाई तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.