आठ ते आठ

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिनं चपला काढून हातात घेतल्या. वडिलांच्या घराचा जिना असा चोरपावलांनी चढण्याची ही तिच्या आयुष्यातली दुसरी वेळ. पहिल्यांदा ती सोळा वर्षांची होती आणि घरी यायला उशीर झाला होता. आज ती पन्नाशीला टेकली होती, दुपारचे सव्वादोन वाजले होते आणि पर्समध्ये घराची जादा किल्ली होती.

किल्ली फिरवण्याआधी तिनं दाराला कान लावला. आत रेडिओ चालू होता. माणसाचा आवाज नव्हता.

वडील खिडकीशी खुर्चीत बसले होते. मांडीवर फळी, फळीवर पत्त्यांचा डाव. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या चपलांकडे.

"आज रविवार आहे का?"

"बुधवार आहे, बाबा."

"मग कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. सहज आले."

"सहज," ते म्हणाले आणि एक पत्ता उलटा केला. "चपला हातात घेऊन."

तिनं चपला दाराशी ठेवल्या आणि त्यांच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं.

"घड्याळ कुठंय?"

"चार्जिंगला."

कपाटावर चार्जरची वायर नुसतीच लोंबकळत होती.

"तिथं नाहीये."

"मग धुवायला टाकलं असेल."

"बाबा."

"मला काय विचारतेस? ते घड्याळ तुझं. वेळ सोडून सगळं सांगतं."

"आणि मावशी?"

"येईल. ब्रेड संपला होता," असं म्हणून त्यांनी बदामची राणी उचलली, कुठं ठेवावी ते ठरेना म्हणून परत होती तिथंच ठेवली.

घड्याळ तिनंच आणलं होतं. अडीच महिन्यांपूर्वी ते बाथरूममध्ये घसरून पडले, तेव्हा. हाड मोडलं नाही, पण त्यांनी चालणं जवळजवळ सोडून दिलं. ती राहायची तासाभराच्या अंतरावर, यायची फक्त रविवारी. बाकीचे सहा दिवस सकाळी आठ ते रात्री आठ पगारी देखभालीला मावशी असायच्या. दोन वर्षं त्याच बघत होत्या त्यांचं. ते घड्याळ मनगटावर चढलं आणि वडिलांची पावलं, झोप, छातीचे ठोके सगळं तिच्या फोनवर दिसायला लागलं. पहिल्या आठवड्यात पावलांचा आकडा रोज तीनशेच्या पुढं सरकेना. तेव्हा तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "दिवसाला दोन हजार झाली नाहीत, तर मी तुम्हाला त्या वृद्धांच्या केंद्रात नेऊन ठेवीन. तिथं रोज चालवून घेतात."

दुसऱ्या आठवड्यात आकडा चोवीसशेवर गेला. मग एकतीसशे. तिनं तो जेवताना नवऱ्याला दाखवला होता.

पण त्याच आठवड्यापासून फोनवर दुसरी सूचना येऊ लागली. हृदयाचे ठोके अनियमित. तिनं सुट्टी टाकून वडिलांना दोनदा डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, ती ठीक. एक दिवसभर छातीला वायरी लावून यंत्र बांधलं, तेही ठीक. डॉक्टर म्हणाले, घड्याळ सैल बांधलं की असं काहीबाही दाखवतं, लक्ष देऊ नका.

लक्ष न देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती चष्म्याच्या काचा तपासायचं काम करायची. दिवसाला दोन-अडीचशे काचा दिव्यासमोर धरायच्या, केसाएवढा ओरखडा, टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा शोधायचा आणि ती काच बाजूला काढायची. अठ्ठावीस वर्षं हेच. नवरा म्हणायचा, तुझ्यासमोर माणूस आला तरी तू त्याला दिव्यासमोर धरतेस.

ती रोज संध्याकाळी साडेसहाला मावशींना फोन करायला लागली.

"आज बाबा कुठं चालले?"

"गॅलरीत, ताई."

"तीन हजार पावलं? त्या गॅलरीत?"

"चालतात ना. सारखे चालतात."

"आणि ठोके का चुकले मग?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

गॅलरीत दोन कुंड्या ठेवल्या की तिसरीला जागा उरत नव्हती. तिला मग बाकीच्याही गोष्टी आठवू लागल्या. लवकर संपणारा साबण. न सापडणारा नवा नॅपकिन. फोन उचलायला लागणारा वेळ. आणि सोमवारी फोननं सांगितलं, बाबा आज नऊ मजले चढले. बाबांना बाथरूमची पायरी चढायला दाराची चौकट धरावी लागायची. त्या क्षणी तिची खात्री पटली. घड्याळ मावशींच्या हातात आहे. म्हातारा माणूस घरात एकटा, आणि ही बाई ते घालून गावभर फिरतेय. कदाचित दुसरीकडे कामही करतेय.

तिनं स्टूल ओढलं आणि दारामागे ठेवलं.

"तिथं कशाला बसतेस?" वडील म्हणाले. "लपाछपी खेळायचीय का या वयात?"

ती स्टुलावर बसली.

थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. पहिल्या मजल्यावर थांबली. पुन्हा सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावर बराच वेळ थांबली, इतका की ती उठून दार उघडायच्या बेतात आली. मग पावलं वर आली, कुलपात किल्ली फिरली आणि मावशी आत आल्या. दोन्ही हातांत पिशव्या, त्यांतून ब्रेड, दूध आणि औषधांचं पाकीट डोकावत होतं. कपाळावर घाम होता. डाव्या मनगटावर काळा पट्टा.

"ताई," मावशी म्हणाल्या. पिशव्या खाली ठेवायच्या आधी त्यांनी डावा हात पाठीमागं नेला, पिशवीसकट.

"राहू दे, मावशी. बघितलंय मी."

"तिला काही बोलू नकोस," वडील खुर्चीतून म्हणाले. "मीच बांधतो तिच्या हाताला. सकाळी आली की मी बांधतो, रात्री जाताना ती माझ्या हाताला बांधते."

"का?"

"का काय? दोन हजार पावलं हवी होती ना तुला? मी टेलिफोनच्या खांबांवर चढून आयुष्य काढलं, तेव्हा कुणी मोजली नाहीत. आता पाय चालत नाहीत तर मोजणी सुरू. मला नाही जायचं कुठल्या केंद्रात."

ती वडिलांकडे वळली नाही. वडिलांवर रागावून काही उपयोग नसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती मावशींकडेच बघत राहिली.

"ते म्हातारे आहेत. हट्ट करणारच. पण तुम्ही? दोनदा डॉक्टरांकडे नेलं मी त्यांना. चोवीस तास छातीला वायरी लावून बसवलं. तुम्ही शेजारी उभ्या होतात, मावशी. फोनवर रोज मला गॅलरीच्या गोष्टी सांगत होतात."

"सांगणार होते मी."

"कधी?"

 मावशी घड्याळाचा पट्टा सोडवू लागल्या. तो चटकन सुटेना. शेवटी त्यांनी ते टेबलावर ठेवलं, पिशव्या स्वयंपाकघरात नेल्या आणि दूध फ्रीजमध्ये ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्याला त्यांची स्वतःची पिशवी होती. चष्म्याचं घर, कंगवा, घरात घालायच्या सपाता त्यांनी एकेक करून तिच्यात टाकल्या.

"दुपारचं औषध दिलंय," त्या म्हणाल्या. "चारची गोळी निळ्या झाकणात आहे. पाण्याबरोबर घेत नाहीत, दूध लागतं."

मुलीनं घड्याळ उचललं. वडिलांच्या मनगटाला आपल्या हातानं बांधावं आणि विषय संपवावा, एवढंच तिच्या मनात होतं. घड्याळाची मागची बाजू अजून कोमट होती. तेवढ्यात तिच्या पर्समध्ये फोन थरथरला.

हृदयाचे ठोके अनियमित. दुपारी २:३१.

तिनं ते वाचलं आणि फोन परत ठेवायला गेली. मग थांबली. २:३१ वाजता ती दारामागे स्टुलावर बसली होती. समोर वडील बदामच्या राणीला जागा शोधत होते.

ती खिडकीशी गेली आणि फोन उजेडात धरला. बोटानं एकेक दिवस मागं सरकवत गेली. मंगळवार, दुपारी बारा. सोमवार, दोनदा. शनिवार, सकाळी पावणेनऊ. रविवारी एकही नाही. त्याच्या आधीच्या रविवारीही नाही. रात्री आठनंतर एकही नाही, सकाळी आठच्या आधी एकही नाही. रविवार असे शांत जातात हे तिला आधीही दिसलं होतं. आपण आलो की बाबांना बरं वाटतं, असा तिनं त्याचा अर्थ लावला होता.

मावशी चपला घालत होत्या.

"मावशी, जिन्यात का थांबलात?"

"थांबले होय?"

"दोनदा."

"पिशव्या जड होत्या. वयही होतंय."

"छातीत काही होतं का?"

"धडधडतं मधूनमधून. मग बसतं आपोआप." पायात चपला सरकवताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. "तुमचा साडेसहाचा फोन आला की जरा जास्त."

हे त्या तक्रारीनं नाही, बसची वेळ सांगावी तसं बोलल्या. वडिलांनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"चला," मुलगी म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता."

मावशींनी वर पाहिलं. मघापासून खाली असलेली त्यांची नजर आता तिच्या चेहऱ्यावर फिरू लागली, एखादा डाग शोधावा तशी.

"कशाला?"

"दाखवायला."

"खोटं बोलले म्हणून काढा, ताई. तेवढं कळतं मला. पण आजारी ठरवून काढलंत तर दुसऱ्या घरात कोण उभं करेल?"

"काढायचं असतं तर तिनं एव्हाना ओरडून काढलं असतं," वडील म्हणाले. "आवाज खाली आलाय तिचा. ती घाबरलीय."

"तुम्ही गप्प बसा, बाबा," मावशी म्हणाल्या. "तुमच्यामुळं झालंय हे सगळं."

वडील गप्प बसले. मुलीला एवढी वर्षं जे जमलं नव्हतं, ते मावशींना एका वाक्यात जमलं होतं.

"पुढचं मला माहीत नाही, मावशी," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत. गाडी खाली आहे, एवढंच."

"बाबांची चारची गोळी?"

"मी घेईन माझी," वडील म्हणाले. "दुधाबरोबर. जा तुम्ही दोघी. मी कुठं पळून जातोय?"

मावशी आणखी थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दुधाचा पेला भरला, तो आणि निळ्या झाकणाची डबी खुर्चीशेजारी ठेवली आणि निघाल्या. जिना उतरताना मुलगी एक पायरी पुढं चालली. दुसऱ्या मजल्यावर चपलेत खडा गेल्यासारखं करून ती वाकली. पहिल्या मजल्यावर पुन्हा वाकली. मावशींनी कठडा धरून दोन्ही वेळा वाट पाहिली.

दवाखान्यात गर्दी नव्हती. टेबलामागच्या नर्सनं नाव विचारलं आणि मावशींनी ते सांगितलं, स्वतःच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं सरळ उभं राहून. दोन वर्षांत मुलीनं ते पहिल्यांदा ऐकलं. वय चोपन्न. ती मावशींना साठीच्या पुढच्या समजत होती.

"हे धरता?" आत बोलावल्यावर मावशी म्हणाल्या आणि खांद्यावरची पिशवी तिच्या मांडीवर ठेवून गेल्या.

दार लोटलं गेलं. आत पलंगाचा कुरकुरण्याचा आवाज, मग डॉक्टरांचा, मग यंत्रातून कागद बाहेर येण्याचा. वडिलांच्या वेळी तो कागद लगेच थांबला होता. आज तो येतच राहिला. "किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी विचारलं. मावशींचं उत्तर बाहेर ऐकू आलं नाही.

पिशवीची झिप उघडी होती. सपातांच्या खाली, कंगव्याच्या बाजूला एक पत्र्याचा चपटा डबा दिसत होता. झाकणावर निळी फुलं, एका कोपऱ्यात पोचा. तो पोचा तिच्याच हातून पडला होता, सात-आठ वर्षांची असताना. आईचा शिवणाचा डबा. आई गेल्यापासून तो वडिलांच्या कपाटात वरच्या फळीवर असायचा, निदान तिची तशी समजूत होती.

तिनं झाकणावर एक बोट ठेवलं. तो डबा इथं असण्याचे दोन-तीन अर्थ होऊ शकत होते, आणि ते सगळे तिला एकदमच सुचले. फोन पर्समध्येच होता. वडिलांना विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात लांबलचक कागद होता.

"तुम्ही आहात ना यांच्याबरोबर? जरा आत येता का? आजच मोठ्या रुग्णालयात न्यावं लागेल."

"आले," ती म्हणाली.

तिनं झिप ओढली. ती अर्ध्यावर अडकली. कडेचा एक दोरा दातांत गुंतला होता. तिनं तो नखानं सावकाश सोडवला, झिप शेवटपर्यंत लावली आणि पिशवी खांद्याला अडकवून ती आत गेली.