हिराचे सोमवार

कसालच्या बाजारामागे, दोन खोल्यांत, एका संस्थेचं केंद्र दर बुधवारी उघडायचं. ज्यांच्या बुद्धीची वाढ जन्मापासून अपुरी, आणि त्यात ज्यांचं मनही बिघडलेलं, म्हणजे जी आदळआपट करतात, झोपत नाहीत, जेवण टाकतात, अशा माणसांना तिथे डॉक्टर तपासत आणि औषध देऊन घरी पाठवत. ठेवून घेण्याची सोय नव्हती. संस्थेची अशी तीन केंद्रं होती; त्यांवर देखरेख करणाऱ्या नर्मदा पेडणेकर इथे महिन्यातून एकदा येत. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत.

बाई हुशार, पण संशयाने भरलेल्या. चहा कडू झाला तर त्या साखर कुठे गेली ते विचारत आणि गोड झाला तर आजच एवढी साखर का, तेही विचारत. नेहमी उशिरा येणारा माणूस एक दिवस वेळेवर आला की त्याने काय दडवलंय याचा त्या दिवसभर शोध घेत. असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या ऑफिसात एक तरी असतो. कधी कधी तो आपणच असतो.

दोन हजार तीन सालचा मार्च. बाईंसमोर हिराचा केसपेपर होता. हिरा तोंडवलीची, वय चोवीस. आई जानकी मासे विकणारी, वडील नाहीत. ‘झटका आल्यावर डोकं भिंतीवर आपटते. औषध तीनदा वाढवलं.’ त्या तिन्ही वाढींखाली देखरेखीची सही बाईंचीच. आणि आता सोबत एक नवा कागद, हिराला लांबच्या मोठ्या इस्पितळात कायमची भरती करण्याचा. जानकीने अंगठा उठवलेला, डॉक्टरांची शिफारस झालेली. बाईंची सही पडली की हिरा घरातून जाणार होती.

वर्षभरात बाईंनी हिराचा कागद चार वेळा पाहिला होता. हिराला एकदाही नाही.

सहीसाठी पेन उघडलं आणि बाई थांबल्या. झटक्यांच्या तारखा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. तीन महिन्यांत अकरा झटके. त्यांतले सात सोमवारी, दोन संकष्टीला, दोन एकादशीला. मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही. एवढंच नव्हे, घरभेटीच्या नोंदी सगळ्या रविवार संध्याकाळच्या, आणि प्रत्येकीत तेच तीन शब्द: ‘रुग्ण शांत आहे.’

बाईंनी अरशदला हाक मारली. अरशद हा केंद्राचा कार्यकर्ता. घरोघर जाऊन माहिती लिहून आणणं त्याचं काम.

“काय रे अरशद, आजार पंचांग बघून येतो काय?”

“म्हणजे, बाई?”

“म्हणजे हे तू घरी बसून लिहितोस. घरात कॅलेंडर टांगलेलं असेल, त्यावर बोट ठेवायचं आणि तारीख टाकायची. असंच ना?”

अरशदचा चेहरा उतरला. “बाई, जानकीमावशी सांगते तसं मी लिहितो. वाडीतले लोक तर म्हणतात, देवाच्या वारीच तिला धरतं.”

“देवाला दुसरी कामं नाहीत वाटतं! कुठे आहे ही जानकी?”

“बाजारातच. हिरा पण असेल.”

बाई उठल्या. त्यांना बघायचं नव्हतं, पकडायचं होतं. या दोन गोष्टींत किती अंतर असतं ते पुढे कळेलच.

मासळीबाजारात जानकी फळीमागे बसली होती. तिच्या बाजूला निळा परकर नेसलेली एक ठेंगणी मुलगी बांगडे मांडत होती. पाच बांगडे, एक वाटा. पुन्हा पाच, दुसरा वाटा. शेपट्या सगळ्या एका बाजूला. एका गिऱ्हाइकाने हळूच सहावा बांगडा आपल्या वाट्यात सरकवला. हिराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मासा उचलला आणि जागच्या जागी ठेवला. आजूबाजूच्या बायका हसल्या.

“घे आता! आमच्या हिराक फसवूक जातंस?”

केसपेपरात लिहिलं होतं, ‘संख्याज्ञान: नाही.’

बाईंच्या डोक्यात संशय दुप्पट झाला. ही मुलगी तर चांगली भली आहे! म्हणजे कार्यकर्ता खोटा आणि आईही खोटी. पोरीचा भार नको म्हणून आईने झटके रचले आणि अरशदने ते लिहिले. त्या जानकीला काही बोलणार, तोच शेजारच्या फळीवर सुकी मासळी विकणारी जोहरा म्हणाली, “तुमी केंद्रातली बाई ना गो? आज काय बघतास? सोमवारी येवा. तोंडवलीक, घराकडे.”

“सोमवारी काय आहे?”

“सोमवारी बाजार आसा काय? सोमवारी, संकष्टीक, एकादशीक कोण मासे खाता हंय? आणि बाजार नाय तर जानकी खंय जाता, ता इचारल्यात कधी?”

जानकी मान खाली घालून बांगड्यांवर पाणी मारत राहिली.

पुढच्या सोमवारी बाई अरशदला घेऊन तोंडवलीला गेल्या. आधी कळवलं नाही. गाडी लांब उभी केली. अंगणात पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला, धप, धप, धप. दाराला बाहेरून कुलूप होतं.

“बघितलंस!” बाई म्हणाल्या. “कोंडून ठेवते!” आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा विजय जास्त होता, हे आपण प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे.

अरशदने हाक मारली तशी खालच्या वाडीतून जोहरा, जानकीने तिच्याकडे ठेवलेली चावी घेऊन आली. दार उघडलं. हिरा भिंतीला टेकून बसली होती. कपाळ सुजलेलं. अंगात तोच निळा परकर, केस विंचरलेले, बाजूला मासळीची टोपली. आणि समोर जमिनीवर शिंपल्यांचे वाटे. पाच, पाच, पाच. भिंतीपासून दारापर्यंत.

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी आईला, कार्यकर्त्याला, शेजाऱ्याला न विचारता हिरालाच विचारलं, “हिरा, काय झालं गं?”

हिराने त्यांच्याकडे पाहिलं. मग दाराकडे बोट केलं.

“आवय बाजारात गेली. माका नेल्यान नाय.”

एवढंच! आई आपल्याला न घेता गेली, हे वर्षभराच्या केसपेपरात नव्हतं, ते दोन वाक्यांत मिळालं.

बातमी लागली तशी जानकी काजूच्या कारखान्यातून धावत आली. हात काजूच्या चिकाने काळे पडलेले.

“कुलूप कशाला?” बाईंनी विचारलं. आवाज अजून कडकच होता.

“मग काय करू? भायर दर्या आसा, रस्तो आसा. मासे नाय इकले त्या दिशी कारखान्यात जातंय. थंय ह्या माझ्या चेडवाक, पोरीक, आत घेनत नाय. हेका वार कळणत नाय. रोज सकाळी टोपली घेवन तयार. सोमवारी मी एकटीच गेलंय की हेका वाटता, आवशीन माका टाकल्यान.” जानकी पदराने हिराचं कपाळ टिपू लागली.

“हे तू केंद्रात का नाही सांगितलंस?”

“कोणी इचारल्यानी? सगळे इचारीत, झटको कितक्या वेळ, डोक्या कितक्यांदा आपटल्यान. तेच्या आदी काय झाला, ता कोणीच इचारूक नाय. आणि कुलपाचा मी आपणहून सांगू? लाज वाटता, बाई.”

आता जोहरा पुढे झाली.

“बाई, राग येवक नको. तुमी अरशदाचो संशय घेतल्यात, जानकीचो घेतल्यात. गोळ्येचो कधी घेतल्यात? तीनदा वाढवलात, तरी सोमवार काय थांबलो नाय. माका कोणी खोलीत घालून कुलूप लावल्यान, तर मी पण डोक्या आपटीन. मग माका पण गोळी देशात? माका इचारशात, जोहरा, कित्याक रडतंस? ह्या चेडवाक कोणी इचारूक नाय, कारण सगळ्यांका वाटता, हेच्याकडे कारणच नसतला!”

बाईंनी शिंपल्यांच्या वाट्यांकडे पाहिलं. तीन सह्या त्यांना आठवल्या. पर्समधल्या त्या सहीच्या पेनाची त्यांना त्या क्षणी लाज वाटली! दुसऱ्यांच्या नोंदीत खोट शोधताना आपण काय पाहिलंच नाही, ते समोर जमिनीवर मांडलेलं होतं.

“अरशद,” त्या हळूच म्हणाल्या, “माझं चुकलं. तारखा खऱ्या होत्या.”

“म्हणजे बाई,” अरशद हसू दाबत म्हणाला, “आजार पंचांग बघूनच येतो.”

मार्ग तिथेच अंगणात निघाला. सोमवारी हिराने जोहराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलायचे. जोहरा हे पूर्वीच बोलली होती, पण दुसऱ्याला त्रास नको म्हणून जानकी मानत नव्हती. आणि बाजार नसेल त्याच्या आदल्या संध्याकाळी जानकीने हिराच्या देखत टोपली पालथी घालायची. पालथी टोपली म्हणजे उद्या बाजार नाही. वार कळला नाही तरी टोपली कळते.

भरतीच्या कागदावर बाईंनी सही केली नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद मागे घेतला आणि औषध हळूहळू उतरवायला घेतलं. सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र नाही. एप्रिलमध्ये एकदा जानकी टोपली पालथी घालायला विसरली आणि हिराने पुन्हा भिंत गाठली. पण अकराचा आकडा एकावर आला. तिन्ही केंद्रांच्या केसपेपरांत बाईंनी दोन नवे रकाने घातले. ‘त्याआधी काय घडलं?’ आणि ‘रुग्ण स्वतः काय म्हणतो?’ दुसरा रकाना कोरा दिसला की बाई कागद परत पाठवत. संशयी स्वभाव गेला नव्हता, त्याला काम मिळालं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी बाई तोंडवलीला गेल्या. या वेळी कळवून. जानकी चुलीपाशी होती. ती उठायच्या आत हिराने टोपली उचलली, पालथी घातली, वर हात ठेवला आणि बाईंना सांगितलं, “फाल्या बाजार नाय. कावळे.”

वाचकहो, ज्याला शब्द कमी येतात त्याला दुःखं कमी असतात, असं आपण धरून चालतो. ती आपली सोय आहे, सत्य नव्हे. अशा माणसाचं वागणं बिघडलं तर आधी गोळी वाढवू नका, कुलूप लावू नका. त्याच्यासमोर खाली बसा आणि त्यालाच विचारा. उत्तर शब्दांत आलं नाही, तर जमिनीवर बघा. कदाचित त्याने ते पाच-पाचाचे वाटे घालून केव्हाचं मांडून ठेवलं असेल.