जोड मारलेल्या ट्रॉम्बोनची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना ट्रॉम्बोन आहे. निदान गेल्या गुरुवारपर्यंत तरी होतो. आता मी नेमका कोण, हे मलाच कळेनासं झालंय!

लांब पितळी देह, पुढे फुललेलं तोंड आणि आतबाहेर सरकणारी नळी. ती नळी म्हणजे माझा जीव. ती सरकली की सूर बदलतो.

माझे मालक खैरुद्दीन मास्तर मूळचे रत्नागिरीचे. मुंबईच्या हॉटेलांत त्यांचा मोठा स्विंग बँड वाजायचा. स्विंग म्हणजे बसल्या जागी पाय थिरकायला लावणारं संगीत. इतर बँडप्रमुख छडी हलवायचे. मास्तर माझ्या नळीनेच इशारा द्यायचे. ती पुढे झेपावली की अख्खा बँड उसळायचा. टाळ्या पडल्या की मीही फुशारायचो, खोटं कशाला बोलू? लेक मैमुनाबीसाठी मास्तरांनी एक धून बांधली होती. ती धून वाजल्याशिवाय कार्यक्रम संपत नसे.

पुढे जमाना बदलला, बँड मोडला, मास्तरही गेले. मैमुनाबी म्हातारपणी लेकाकडे अबुधाबीला आल्या, तेव्हा मला सोबत घेऊन आल्या. मग माझी रवानगी कपाटावर, रिकाम्या बॅगांच्या शेजारी झाली.

पण त्यांची नात सुमैय्या शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन शिकली. जुन्या रेकॉर्डवरून तिने ती धून बसवली. दादीच्या वाढदिवसाला ती माझ्यावरच वाजवायचं ठरलं. मैमुनाबींना ऐकू कमी येत चाललं होतं. “कान आहेत तोवर अब्बांची धून एकदा ऐकू दे,” असं त्या सारख्या म्हणायच्या.

त्यांचा लेक अक्रम भला माणूस. मुसफ्फाच्या कारखान्यांच्या वस्तीत त्याचं वर्कशॉप आहे, रुवैसच्या तेल कारखान्याला जाणारे पाइप तिथे जोडतात. मला चकाचक करून आणतो म्हणाला आणि घेऊन गेला. तिथे त्याने माझी नळी हलवून पाहिली आणि कारागिराला हाक मारली.

“अरे, जॉइंट ढीला है! वेल्ड मारो, यल्ला, जल्दी!”

मी हादरलोच. ओरडावं तर फुंकणारं कुणी नव्हतं. ज्योत आली आणि नळी जागच्या जागी कायमची सांधली गेली. वर, पाइपात भरतात तसं माझ्यात पाणी भरून तपासलं. एक थेंब गळला नाही म्हणून अक्रम खूश!

वाढदिवसाला त्याने मला मोठ्या प्रेमाने पुढे केलं. “अम्मी, बघ, फर्स्ट क्लास! आता जन्मात हलणार नाही.”

सुमैय्याने नळी ओढली. पुन्हा ओढली.

“डॅडी, व्हॉट डिड यू डू? इट्स सपोज्ड टु मूव्ह!”

“हलायला पाहिजे? मला वाटलं, तुटलाय...” अक्रम सांधलेल्या जागेवरून बोट फिरवू लागला.

पोरीने तरीही मला ओठांना लावलं. पहिला सूर निघाला. दुसऱ्यासाठी नळी सरकायला हवी होती. मैमुनाबी वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं.

“वाजव ना ग पुढे. का मलाच ऐकू येईनासं झालं?”

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण हत्यार उचलण्याआधी, ती वस्तू जो वापरतो त्याला एकदा विचारा. एवढंच मागणं आहे माझं.